फिनाचा पेला

सान अँटोनिओ, टेक्सास
१४ एप्रिल १९९६

लिब्रादो,

जिवंत आहेस ना? नाताळानंतर तुझी एक ओळ नाही. एलोदियाने तरी लिहावं, तर तीही तुझ्याशी लग्न झाल्यापासून तुझ्याच वळणावर गेलीय.

काल चर्चच्या दारात म्हाताऱ्या प्राक्सेदेसची नात भेटली. माझा हात धरून म्हणते, "मावशी, तुमचं जुनं चार्को वर आलंय!" मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. त्रेचाळीस वर्षं धरणाखाली असलेलं गाव वर कसं येईल? तर म्हणाली, तिसरं वर्ष पाऊस नाही, तलाव आटत आटत पार नदीच्या पात्रात गेलाय. चर्च, चौक, आपल्या गल्लीतल्या भिंती, सगळं उघडं पडलंय. लोक मोटारी काढून बघायला येतात म्हणे. मी विचारलं, आणि कबरस्तान? तर म्हणे, तेही.

हे मला परक्या पोरीच्या तोंडून कळावं? तू तिथे टेकडीवर राहतोस. दारात उभा राहिलास की तुला सगळा तलाव दिसतो. मेल्या, बहिणीला एक कार्ड टाकायला काय झालं होतं?

माझी फिना आहे तिथे. तू विसरला असशील, तेव्हा तू अठराचा होतास आणि तुझं डोकं घोड्यांत असायचं. दोन वर्षांची लेक मातीत ठेवून मला वर्षही झालं नव्हतं आणि पाणी आलं. धरणवाल्यांनी कबरी हलवायला सप्टेंबर सांगितला होता, पाणी ऑगस्टातच आलं. बाबांनी आधी गुरं काढली, मग संत इसिद्रोची मूर्ती, मग आपल्याला. मेलेल्यांना काढायला वेळ उरला नाही.

आता तू जा. कबरस्तानाचा नदीकडचा कोपरा, मेस्कितेचं झाड होतं तिथे. मी नदीतले पांढरे गोटे आणून भोवती लावले होते. सापडली की कळव आणि हात लावू नकोस. मी येते. माझ्या हाताने तिला काढीन आणि टेकडीवरच्या कबरस्तानात, माझ्यासाठी राखलेल्या जागेशेजारी ठेवीन. सध्या गुडघ्याने छळलंय. तो जरा ताळ्यावर आला की एलियास मला गाडीने घेऊन येईल. पोरगा चांगला आहे, मामावर गेलेला नाही.

तुझी बहीण,
ओतिलिया


नवं चार्को, तामाउलिपास
२ मे

ओतिलिया,

पत्र मिळालं. लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

रविवारी घोडा घेऊन खाली गेलो होतो. चर्चला छप्पर नाही, बाकी उभं आहे. आपल्या घराच्या दोन भिंती आहेत आणि चुलीचा ओटा आहे. उंबऱ्यावर शिंपल्यांचा थर बसलाय. कबरस्तानाची माती अशी तडकलीय की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. मेस्कितेचा बुंधा आहे. तुझे गोटेही आहेत, कुणीतरी दोनतीन उचलून नेलेत. क्रूस गेलाय. पण ती फिनाच आहे, शंका नको.

तुला तिकडे गाव वर आल्याचा आनंद झालाय. इकडे गाव वर आलं म्हणजे पाणी खाली गेलं. दिवस उजाडायच्या आत मी आणि माझा पोरगा रामिरो निवडुंगाचे काटे जाळायला जातो. रॉकेलची ती नळी भर्रर करते, तिचा आवाज ऐकला की गुरं आपणहून धावत येतात, कारण काटे जळाले की खायला मिळणार हे त्यांना कळलंय. वरच्या कुरणात गवताची काडी नाही. हिरवं आहे ते फक्त तळाला, पाणी सरकलं तिथल्या गाळावर. म्हणून गुरं तिथेच चरायला सोडतो, तुझ्या कबरस्तानापलीकडे, ओघळीच्या त्या बाजूला. उरलेली सगळी गुरं तिथेच आहेत.

शहरातली माणसं येतात, चर्चसमोर उभी राहून फोटो काढतात आणि कोकाकोलाच्या बाटल्या टाकून जातात. एकजण कुंकूं करणारी काठी घेऊन जुनी नाणी शोधत फिरत होता. कबरस्तानात उकरायला लागला, त्याला मी हाकललं. रोज हाकलायला मी तिथे नसतो.

माझं ऐक. एका सकाळचं काम आहे. मी आणि रामिरो जाऊन तिला वर आणतो. तू गुडघा बरा कर आणि मग ये. तुमच्याकडे नळाला पाणी आहे, लोक गवताला पाणी पाजतात म्हणे. इकडची घाई तुला कळायची नाही.

लिब्रादो


सान अँटोनिओ
१९ मे

लिब्रादो,

नाही. तू नाही आणि रामिरोही नाही. मी येणार, मी काढणार.

का ते तुला ठाऊक असायला हवं, पण तू तेव्हा घरात कधी असायचास? फिनाला जुलाब सुरू झाले तेव्हा आई म्हणाली, पाणी द्यायचं नाही, पाण्याने वाढतं. शेजारणीही तेच म्हणाल्या. सगळ्या गावाला तेच ठाऊक होतं, मलाही. कापडाचा बोळा ओला करून ओठांना लावायचा, एवढंच. पोरीला धड चार शब्द येत नव्हते, पण पाणी मागायला यायचं. तीन दिवस मागत होती. मग मागायची थांबली आणि आम्हाला वाटलं, उतार पडला.

पुढल्या वर्षी धरणाचं पाणी आलं. सगळा गाव टेकडीवर उभा राहून रडत होता आणि मी रडत नव्हते. तू मला म्हणालास, तुझं काळीज दगडाचं आहे. आठवतं? तुम्ही सगळे म्हणत होता, गाव बुडालं. मी मनात म्हणत होते, घे गं बाई, आता पोटभर घे.

आईची ती दक्षिणेकडची रीत मी इथेही पाळते. मृतांच्या दिवशी टेबलावर सगळ्यांचे पेले मांडते, गेलेले लोक तहानलेले येतात म्हणून. बाबांचा, आईचा, माझ्या नवऱ्याचा. फिनाचा पेला मी इतक्या वर्षांत एकदाही मांडला नाही. जिच्या डोक्यावर एवढा मोठा तलाव, तिला पेल्याची काय गरज?

आणि आता तू लिहितोस की माती तडकलीय, भेगेत हात जातो. हे वाचल्यापासून माझ्या घशाला कोरड पडलीय. दिवसभर बर्फाचा एकेक खडा चघळत बसते. ती पुन्हा उन्हात पडलीय, लिब्रादो.

ह्या वेळी तिला आईच उचलणार. काठीवाल्याला हाकल, गुरं त्या बाजूला फिरकू देऊ नकोस, काय हवं ते कर. मी इथे रोज मेणबत्ती लावून सांगते, देवा, पाऊस इतक्यात नको. मी पोहोचेपर्यंत थेंबही पडू देऊ नकोस.

ओतिलिया


नवं चार्को
३० जून

ओतिलियाताई,

हे पत्र मी लिब्रादोला न विचारता लिहितेय. तो तुम्हाला लिहिणार नाही म्हणतो. राग मानू नका, पण चूक तुमचीही आहे.

मोरा आठवते तुम्हाला? तपकिरी गाय, मागच्या खेपेला तुम्ही तिच्या दुधाचं चीज नेलं होतंत. ती पाण्यापर्यंत जाताना गाळात रुतली. तळाला गाळ वरून सुकलेला दिसतो आणि खाली खिरीसारखा असतो. दोर लावले, घोडा लावला, निघेना. शेवटी लिब्रादोने बंदूक आणली. ते करून तो घरी आला, हात धुवायला बसला, आणि तेवढ्यात तुमचं पत्र आलं. त्याचा चष्मा मोडलाय, म्हणून मी मोठ्याने वाचत होते. ‘पाऊस इतक्यात नको’ इथे आले आणि थांबले. तो म्हणाला, "वाच की, पुढे काय म्हणते ती?" मी वाचलं. ‘थेंबही पडू देऊ नकोस.’ तो उठला, हात तसेच ओले, आणि बाहेर निघून गेला.

त्याला फिनाचं दुःख नाही असं समजू नका. मेस्कितेच्या बुंध्याभोवती त्याने तारेची जाळी लावलीय, घरच्या कोंबड्यांच्या खुराड्याची काढून. मला म्हणाला, कोल्हा आला तर कोंबड्या जातील, जाऊ दे.

दुसरी गोष्ट, रामिरो गेला. एका सकाळी पलंग रिकामा होता. उत्तरेला गेला असेल, तुमच्याकडे आला तर कळवा. बाप म्हणतो, "बरं झालं, एक तोंड कमी." आणि रोज संध्याकाळी बस थांबते तिथे जाऊन बसतो.

गावाने पावसासाठी संत इसिद्रोची मिरवणूक काढली. काही झालं नाही. मग प्राक्सेदेसबाबा भडकले. म्हणाले, "ह्याला सावलीत बसून आपले हाल कसे कळणार? न्या त्याला जुन्या चर्चमध्ये, छप्पर नाही तिथे, उन्हात उभा राहू दे. पाऊस पाडला की परत आणू." सहा जणांनी खांद्यावर नेला. आता तो तिथे त्याच्या लाकडी बैलांसकट तापतोय. नाकाचा रंगही उडालाय बिचाऱ्याच्या. तुम्ही तिकडून त्याला ‘नको’ सांगता, आम्ही इकडून ‘दे’ सांगतो. त्याने तरी कुणाचं ऐकावं?

एलोदिया


सान अँटोनिओ
१४ जुलै

एलोदिया, आणि तू पण ऐक रे लिब्रादो, दाराआड उभा राहून ऐकत असशील,

माझी जीभ झडो. मला काय ठाऊक होतं? तुम्ही दोघं काही सांगत नाही, ‘चांगलं लिहिण्यासारखं नव्हतं’ म्हणे. वाईट कळवायला काय पोस्टवाला वेगळं तिकीट मागतो?

मोरासाठी मला फार वाईट वाटलं. मेणबत्ती आता मुकाट्याने लावते, पावसाचं नाव काढत नाही. हवं ते देवाने ठरवावं.

रामिरो इथे आलेला नाही. आला तर आधी जेवू घालीन, मग कान उपटीन, मग तुम्हाला तार करीन.

मला लगेच निघता येत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार इथे माझं काम असतं, ते चुकवता येत नाही. मधल्या एका दिवसात जाऊन येण्याइतका जोर अजून पायात नाही. सप्टेंबरच्या शेवटी नक्की येते. तोवर तळ कोरडाच राहील असं प्राक्सेदेसची नातही म्हणते.

ती तार लावलीस ते बरं केलंस. कोंबड्यांचं मला सांग, मी एलियासकडून नवी जाळी पाठवते.

ओतिलिया


नवं चार्को
९ ऑगस्ट

ओतिलिया,

जाळी नको. कोंबड्या गेल्या.

मी रागावलो होतो, आता नाही. रागवायलाही अंगात काही असावं लागतं.

परवा खाली चर्चच्या पायरीवर बसलो होतो. समोर इसिद्रो तळतोय, मी तळतोय. मनात त्रेपन्न सालचा तो दिवस आला. तेव्हा मला वाटलं होतं, याहून वाईट काही नसतं. पण बघ, त्या दिवशी आपण सगळे एकदम निघालो. प्राक्सेदेस आणि बाबा विहिरीवरून कितीतरी वर्षं बोलत नव्हते, त्या दिवशी प्राक्सेदेसने बाबांच्या आईला पाठीवर घेतलं. शेजारच्या गावाने रोट्या पाठवल्या, सैनिक तंबू घेऊन आले, वर्तमानपत्रवाले आले. आपण रडलो तर आपल्याबरोबर दुसरेही रडले. पूर एकदाच आला, घर घेऊन गेला आणि झालं. दुसऱ्या दिवशी निदान कळत होतं की काय गेलं आणि काय उरलं.

हा दुष्काळ तसा नाही. हा येतो कधी तेच कळत नाही. पहिल्या वर्षी म्हणालो, पुढच्या वर्षी पडेल. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणालो. प्रत्येक घरात तो वेगळा येतो. आज ह्याची विहीर, उद्या त्याचा घोडा. जो गाव सोडतो तो सांगून जात नाही, लाज वाटते त्याला. आणि मागे राहिलेले आपण म्हणतो, आळशी होता, टिकला नाही. रामिरोबद्दलही लोक तेच म्हणतात, मी ऐकलंय. पूर आला म्हटलं की ऐकणारा हळहळतो. पाऊस नाही म्हटलं की म्हणतो, "हो का? आमच्याकडेही नाही." फोटोवाले अजून येतात, पण ते चर्चचे फोटो काढतात. मेलेलं गाव बघायला येतात आणि मरणाऱ्या गावातून गाडी नेतात, काचा वर करून.

असो. तुला तिकडे आठवड्यात तीन दिवस एवढं काय काम असतं गं? बायकांची भजनं? तुझी लेक इथे उन्हात आहे आणि तुला सवड नाही. मी शेवटचं विचारतो. मला तिला काढू दे. नसेल जमत तर कारण सांग, गुडघ्याचं सोडून.

लिब्रादो


सान अँटोनिओ
२५ ऑगस्ट

लिब्रादो,

कारण काही नाही. म्हातारी झाले, एवढंच. आता बरं वाटतंय. २८ सप्टेंबरला, शनिवारी निघते, एलियासने गाडीचं तेलसुद्धा बदललंय. पांढरं कापड घेऊन ठेवलंय, आणि तिच्यासाठी छोटी पेटी एलियासने स्वतः बनवलीय. त्याने बहीण पाहिली नाही कधी, पण पेटीला आतून रंधा किती वेळ मारत होता.

चारपाच आठवडे थांब. इतकी वर्षं थांबलास.

ओतिलिया


नवं चार्को
२४ सप्टेंबर

ओतिलिया,

तू अजून निघाली नसशील तर निघू नकोस. आता घाई नाही.

पाणी आलं. पाऊस नाही आला, पाणी आलं. कुठेतरी समुद्रावरून वादळ उठलं आणि दूर वरच्या डोंगरात कोसळलं. रेडिओ सांगत होता, पण आपल्याकडे आभाळ असं स्वच्छ, ढग नावाला नाही. आम्ही म्हटलं, डोंगरवाल्यांचं नशीब. ती नदी आपल्याकडेच येते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तीन वर्षांत आम्ही विसरलोच होतो की नदी वाहते.

गेल्या बुधवारी दुपारी मी आणि एलोदिया तळाला गुरांकडे होतो. ऊन तापलेलं. एलोदिया म्हणाली, "ही ओघळ ओली कशी?" बघतो तर तपकिरी पाण्याची एक जीभ, फेस आणि काटक्या पुढे ढकलत, हळू हळू वर येतेय. माणूस चालतो तेवढ्याच वेगाने. गुरं पाणी बघून आनंदाने हंबरली आणि त्याच्याकडेच धावली.

मी ओरडलो. वरून गावातले लोक धावत आले, पण सगळे चर्चकडे गेले. संत इसिद्रो आत होता ना. आम्हीच नेऊन ठेवलेला. प्राक्सेदेस ओरडत होता, "आधी मूर्ती! आधी मूर्ती!" कुणाला दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण गुरांकडे यायला कुणी उरलं नाही.

ओघळीच्या त्या बाजूला गुरं, ह्या बाजूला कबरस्तान. आम्ही दोघं आणि एक घोडा. मी उभाच राहिलो. मला बाबा दिसत होते, त्या दिवशीचे, हातात गुरांचा दोर. मी एलोदियाला म्हणालो, "घोडा घे आणि निघतील तेवढी वर काढ." ती म्हणाली, "आणि तू?" मग माझ्या तोंडाकडे बघून घोड्यावर बसली.

तू नको म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. खोरं नव्हतं, निवडुंग तोडायचा सुरा होता आणि हात होते. गोटे बाजूला केले. पेटीचं लाकूड हाताला लागलं तेव्हा चिखलच होतं ते. मी तिला नीट काढलं, ओतिलिया. घाई होती तरी एकही हाड टाकलं नाही. शपथ. ठेवायला काही नव्हतं म्हणून माझ्या टोपीत ठेवलं, वर सदरा काढून घातला. टोपी भरलीसुद्धा नाही. निघालो तेव्हा पाणी घोट्याला होतं, कुंपणाशी गुडघ्याला. मागे गुरांचा आवाज येत होता. मी मागे बघितलं नाही, बघितलं असतं तर टोपी हातातून गेली असती.

एलोदियाने तीन गाई वर काढल्या. बाकीच्या गाळात रुतल्या आणि पाणी वर चढत गेलं. संत इसिद्रो वाचला. त्याचे बैल वाहून गेले.

आता दारातून बघतो तर तलाव भरलेला, निळा, काठोकाठ. चर्चचं टोकसुद्धा दिसत नाही. काल रेडिओवर एक साहेब म्हणाला की दुष्काळ संपला, धरण भरलं. ते पाणी कालव्याने खालच्या शहरांना जाणार. वर टेकडीवर आमच्याकडे अजून थेंब पडलेला नाही. कुरण तसंच पांढरं आहे. तिन्ही गाई तलावाकडे तोंड करून उभ्या असतात.

फिनाला तुझ्या जागेशेजारी ठेवलंय. जमीन अशी कडक की पहार लावावी लागली. एलोदियाने आपल्या लग्नाचा रुमाल दिला. वर माती लोटली नाही, दगडाची लादी ठेवलीय नुसती. माती तू लोट. तिच्या तहानेचं तू सांगितलं होतंस, म्हणून माझ्या पाण्याच्या तुंब्यात होतं तेवढं पाणी तिच्यावर ओतलं. जमिनीने लगेच पिऊन टाकलं.

नाताळापर्यंत आम्हीही इथून निघू. एलोदियाची बहीण माँतेरेला बोलावतेय. कुणाला सांगितलेलं नाही अजून.

लिब्रादो


सान अँटोनिओ
६ ऑक्टोबर

माझ्या लिब्रादो,

२७ तारखेला, निघायच्या आदल्या दिवशी तुझं पत्र आलं. एलियासने वाचून दाखवलं. टोपीपाशी आला आणि त्याला पुढे वाचवेना, मग मीच वाचलं.

मी त्या गुरांचं काय करू सांग. ती शेवटची होती हे तू मेमध्येच लिहिलं होतंस आणि मी नुसतं वाचलं. ‘मी आल्याशिवाय हात लावू नकोस,’ एवढंच धरून बसले. मेमध्ये हो म्हटलं असतं तर त्या बुधवारी तुझे दोन्ही हात गुरांना मोकळे असते. हे तू लिहिलं नाहीस. तू लिहिणारही नाहीस. म्हणून मीच लिहिते.

गुडघ्याला काहीही झालेलं नाही. माझ्या किडन्या गेल्यात, गेल्या हिवाळ्यापासून. सोमवार, बुधवार, शुक्रवार मला मशीनला लावतात, हातात दोन सुया घालून रक्त धुतात. ती माझी भजनं. तुला सांगितलं असतं तर तू गुरं सोडून इकडे धावला असतास, म्हणून सांगितलं नाही. बघ, मी गप्प राहूनही त्यांना वाचवलं नाही.

ह्या दुखण्यात पाणी पिता येत नाही. डॉक्टर मोजून देतात. पाय सुजून भोपळ्यासारखे होतात, छातीत पाणी भरतं, आणि जीभ टाळूला चिकटलेली असते. आत पूर आणि तोंडात दुष्काळ. तू तलावाकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाईंचं लिहिलंस तेव्हा मला त्या अगदी कळल्या. आणि फिनाही कळली. इतकी वर्षं मी तिच्या तहानेसाठी रडत होते, पण ती तहान असते कशी, हे मला आता ह्या वर्षी कळलं.

तू तिला उचललंस. मीच उचलणार म्हणून हट्ट धरला होता, पण तुझ्या लिहिण्यावरून मला कळलं की मीही इतकं जपून उचललं नसतं. आईचं पोट काय आणि मामाची टोपी काय, दोन्ही तिचं घरच.

आता माझं ऐक, ह्या वेळी तरी मला शहाणपणाचं बोलू दे. मृतांच्या दिवसापर्यंत घर सोडू नकोस. ह्या वर्षी तो शनिवारी आलाय. शुक्रवारी माझं मशीन असतं, त्यानंतर माझ्या अंगात एक दिवसाचा जोर राहतो. शनिवारी तुमच्या दारात, रविवारी परत. डॉक्टरांशी मी भांडून घेतलंय. येताना एलियासची पेटी आणते. रामिरोचा ह्यूस्टनहून फोन आला होता, छपरं घालतोय कुठेतरी, तुझ्याशी बोलायला घाबरतो. त्याला सांगितलंय, आधी इथे ये, मग आमच्याबरोबर चल. तू काही बोलू नकोस त्याला, जेवायला वाढ फक्त.

आणि मग तुम्ही निघा. तेही सगळे मिळून, दिवसाउजेडी, गावाला सांगून. एलोदियाने प्राक्सेदेसबाबांच्या पाया पडावं आणि तू त्यांना मिठी मारावीस. पुरात गेलो होतो तसेच जा. तुला लाजायचं काही कारण नाही.

एलोदियाला एक निरोप. टेबलावर पेले मांडताना बाबांचा, आईचा, माझ्या नवऱ्याचा मांड, आणि ह्या वर्षीपासून एक जास्त मांड, लहान. तिचा तलाव गेला, आता तिला पेला लागणार. तो रिकामा ठेव, भरू नकोस. मला दिवसाला जेवढं पाणी प्यायला मिळतं तेवढं त्या शनिवारी मी सकाळपासून पिणार नाही, बाटलीत घालून बरोबर आणणार आहे. तिचा पेला मी भरीन.

ओतिलिया